चीन पुन्हा जोडला गेला तो दप्तर, रसद आणि होड्यांच्या जोरावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चीनच्या प्राचीन इतिहासावर मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्यांतल्या बहुतेकांत एक विधान ठरलेले असते. चीन फुटतो, काही काळ जातो आणि तो पुन्हा एक होतो. हा त्या देशाचा स्वभावच आहे. सोबत घराण्यांची उभी यादी छापलेली असते: छिन, हान, सुई, तांग, सोंग. एकाने खुर्ची सोडली आणि दुसरा लगेच बसला, असेच ती वाचणाऱ्याला वाटते. विधान आणि यादी दोन्ही दिशाभूल करतात. पत्र लांबले आहे, पण तपशिलाशिवाय हा मुद्दा मांडता येत नाही.

आधी वर्षांचा हिशेब पाहू. इ. स. पू. ७७० मध्ये चौ राजाची राजधानी पूर्वेला, आजच्या लुओयांगजवळ हलली. तेव्हापासून इ. स. पू. २२१ पर्यंत, म्हणजे जवळपास साडेपाचशे वर्षे, खरी सत्ता प्रादेशिक राज्यांच्या हाती होती. पुढे हान घराणे इ. स. २२० मध्ये संपले आणि देश टिकाऊपणे एका सत्तेखाली आला तो ५८९ मध्ये. मधल्या ३६९ वर्षांत पश्चिम जिन घराण्याचा एकछत्री अंमल २८० ते ३०४ एवढाच, जेमतेम २४ वर्षे. ३०४ ते ४३९ या काळाला 'सोळा राज्यांचा काळ' म्हणतात. मोजायला बसले तर राज्ये सोळाहून अधिक भरतात. ९०७ मध्ये तांग घराणे पडल्यावर पुन्हा ७२ वर्षांची फाटाफूट. ज्याला पावणेचारशे वर्षे लागतात ते आपोआप घडले असे कसे म्हणायचे?

प्रत्येक एकीकरणामागे आधीच्या वीस-तीस वर्षांचे, कधी शंभर वर्षांचे, अत्यंत रुक्ष काम दिसते. माणसे मोजणे, धान्य साठवणे, कालवे खणणे, होड्या बांधणे. जिथे हे काम झाले नाही तिथे पराक्रमी सेनापती असूनही मोहीम फसली, आणि जिथे विजयानंतर ते थांबले तिथे जोडलेला देश पुन्हा फुटला.

सुरुवात दप्तरापासून, म्हणजे सरकारी नोंदींपासून, करावी लागते. शांघायच्या संग्रहालयात काशाचे एक छोटे माप आहे. आयताकृती, एका बाजूला मूठ, मुठीसकट लांबी १९ सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी, आत सुमारे २०० मिलिलिटर धान्य मावेल एवढे. छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने ते इ. स. पू. ३४४ मध्ये प्रमाणित केले आणि त्याचे घनमान किती, हे त्याच्यावरच कोरले. त्याच मापाच्या तळाला आणखी एक लेख आहे, तो इ. स. पू. २२१ चा: पहिल्या सम्राटाची सगळ्या देशात मापे एकसारखी करण्याची आज्ञा. दोन लेखांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आणि माप तेच. देश जिंकल्यावर छिनने नवी व्यवस्था शोधून काढली नाही. घरात सव्वाशे वर्षे वापरलेली व्यवस्था बाहेर लावली. सारा धान्यात, सैनिकाचा शिधा धान्यात, अधिकाऱ्याचा पगारही धान्यात. जिल्ह्याजिल्ह्यात माप वेगळे असेल तर मधल्यामध्ये किती मुरले ते राजधानीला कधीच कळत नाही.

शांग यांगने याखेरीज आणखी काही केले. कुटुंबांचे पाच-पाच आणि दहा-दहाचे गट पाडून एकाच्या गुन्ह्याला सगळ्यांना जबाबदार धरले. एका घरात दोन कर्ते पुरुष वेगळे न होता राहिले तर कर दुप्पट. इ. स. पू. ३५० पासून गावे एकत्र करून जिल्हे केले आणि त्यांवर वंशपरंपरेने बसणारा सरदार न ठेवता बदली होऊ शकेल असा अधिकारी नेमला. व्यवस्था क्रूर होती यात शंका नाही. पण कोणत्या गावात सैन्याजोगे किती पुरुष आहेत, हे छिनला सांगता येत होते.

या दप्तराची किंमत सगळ्यांत आधी ओळखली ती लिउ बांगच्या पदरी असलेल्या श्याओ हे याने. इ. स. पू. २०६ मध्ये पुढे हान घराणे स्थापणाऱ्या लिउ बांगची फौज छिनच्या राजधानीत, श्यानयांगमध्ये शिरली. बाकीचे सरदार सोने आणि रेशीम लुटायला धावले. श्याओ हेने मंत्र्यांच्या कचेऱ्यांतले नकाशे आणि नोंदवह्या ताब्यात घेतल्या. नंतर लिउ बांगचा प्रतिस्पर्धी श्यांग यू याने शहर जाळले. पुढच्या चार वर्षांच्या युद्धात लिउ बांग लढाया वारंवार हरला, पण कुठल्या भागातून किती माणसे आणि किती धान्य निघेल हे त्याच्या बाजूला ठाऊक होते, म्हणून त्याची मोडलेली फौज दर वेळी पुन्हा भरत गेली. इ. स. पू. २०२ मध्ये देश त्याच्या हाती आला.

दप्तर मोडले की काय होते तेही आकड्यांत दिसते. हान काळात, इ. स. १५७ मध्ये, नोंद होती १,०६,७७,९६० कुटुंबांची आणि ५,६४,८६,८५६ माणसांची. २८० मध्ये जिनने देश पुन्हा एक केला तेव्हा नोंद निघाली २४,५९,८४० कुटुंबे आणि १,६१,६३,८६३ माणसे. चार कोटी माणसे मेली असे समजून लेख लिहिणारे आहेत. युद्ध, दुष्काळ आणि साथींत फार माणसे मेली हे खरेच. पण मोठा भाग बड्या जमीनदारांच्या आश्रयाला गेला होता. तिथे जमीनदाराला खंड द्यावा लागे, मात्र सरकारी कर आणि वेठ टळे. नोंदीत उरलेल्यांवर मग बोजा वाढतो, तेही पळतात आणि वही आणखी रोडावते. फाटाफुटीच्या काळात हे दुष्टचक्र लहान राज्यांना कसे पिळते पाहा. २६३ मध्ये शू राज्याने शरणागती पत्करताना जी वही सोपवली तिच्यात २,८०,००० कुटुंबे, ९,४०,००० माणसे, १,०२,००० सैनिक आणि ४०,००० अधिकारी होते. नोंदलेल्या दर नऊ माणसांमागे एक सैनिक, दर सात घरांमागे एक अधिकारी. असे राज्य शत्रूने ढकलण्याआधीच वाकलेले असते.

हे चक्र उलटे फिरवायला उत्तर वेई घराण्याने हात घातला. ४८५ मध्ये जमीनवाटप ठरले: पुरुषाला ४० मू (जमिनीचे माप), स्त्रीला २० मू, बैलामागे ३० मू, पण चार बैलांपर्यंतच. पिकाची ही जमीन म्हातारपणी किंवा मृत्यूनंतर सरकारकडे परत. तुतीच्या झाडांची २० मू मात्र वंशाकडे राहायची. पुढच्या वर्षी गावपातळीवर तीन मुखियांची उतरंड लावली. पाच घरांवर एक, अशा पाच गटांवर दुसरा, आणि त्याही पाचांवर तिसरा. त्याआधी तीस-तीस, पन्नास-पन्नास कुटुंबे एकाच घराच्या नावाखाली लपलेली असत. आता नवरा-बायकोच्या जोडीवर वर्षाला रेशमाचा एक ठाण आणि दोन शी (धान्याचे माप) धान्य असा हलका कर ठेवला. जमीन मिळते आणि कर झेपतो म्हटल्यावर माणूस स्वतःहून वहीत येतो. नुसत्या धाकाने हे साधले नसते.

सुई घराण्याने हेच काम ५८५ मध्ये अधिक कडकपणे केले. अधिकारी घरोघर जाऊन माणसाचा चेहरा आणि वहीत लिहिलेले वय पडताळून पाहत, कारण कर चुकवण्यासाठी कर्त्या पुरुषाला म्हातारा किंवा पोर दाखवण्याची सर्रास पद्धत होती. चुलतभावांना वेगळी घरे नोंदवायला लावली. नोंद खोटी निघाली तर गावच्या मुखियाला हद्दपारी. या फेरीत ४,४३,००० कर्ते पुरुष वहीत वाढले आणि एकूण १६,४१,५०० माणसे नव्याने नोंदली गेली. चार वर्षांनी सुईने दक्षिणेवर जी फौज पाठवली तिची संख्या ५,१८,००० सांगितली जाते. ५८९ च्या लेखात ५८५ चा उल्लेख नसेल तर तो लेख अर्धाच आहे.

रसदेचे गणित मांडायला हान काळातला एक आकडा फार उपयोगी पडतो. इ. स. पू. ६१ मध्ये सेनापती चाओ चोंगग्वो याने सम्राटाला कळवलेला हिशेब असा: १०,२८१ माणसांना महिन्याला २७,३६३ हू धान्य आणि ३०८ हू मीठ. हू म्हणजे सुमारे २० लिटर. माणशी महिना अडीच हूपेक्षा थोडे जास्त. हा दर हाताशी ठेवला की मोठ्या मोहिमांचे चित्र बदलते. छिनने चू राज्यावर आधी ली शिनबरोबर दोन लाख माणसे पाठवली, ती पिटली गेली. दुसरा सेनापती वांग ज्यान सहा लाखांवर अडून बसला आणि ते मिळाल्यावरही लढला नाही. तळ ठोकून माणसांना खाऊ घालत राहिला. चूची फौज कंटाळून पूर्वेकडे वळली तेव्हा त्याने मागून घाव घातला आणि इ. स. पू. २२३ मध्ये चू संपले. सहा लाख माणसे म्हणजे वरच्या दराने महिन्याला जवळजवळ १६ लाख हू. सहा लाखांचा आकडा थोडा फुगवलेला मानला तरी एवढे धान्य पुरवत निवांत बसणे इतर कोणालाही परवडणारे नव्हते. छिनला परवडले, कारण इ. स. पू. ३१६ मध्ये सिचुआन जिंकून तिथे मिन नदीवर दूच्यांगयान ही सिंचनाची योजना बांधली गेली होती आणि इ. स. पू. २४६ पासून वेई नदीच्या खोऱ्यात ३०० ली (अंतराचे माप) लांबीचा चंग-ग्वो कालवा खणला गेला होता.

याच्या उलट चित्र चांगफिंगला, इ. स. पू. २६० मध्ये दिसते. चाओ राज्याची फौज छिनने वेढली आणि तिची धान्याची वाट तोडली. ही नाकेबंदी टिकावी म्हणून छिनचा राजा स्वतः हनेई भागात गेला, तिथल्या सगळ्यांना एक-एक मानाची पायरी बढती दिली आणि पंधरा वर्षांवरचा प्रत्येक पुरुष वाटा अडवायला पाठवला. चाओने छी राज्याकडे धान्य मागितले, छीने दिले नाही. ४६ दिवस उपाशी राहून चाओची फौज कोसळली.

उत्तर आणि दक्षिण यांमधली सीमा बहुतेक वेळा ह्वाई नदीच्या आसपास ठरली. वेई, शू आणि वू या तीन राज्यांच्या काळात, इ. स. २४१ च्या सुमारास, वेई राज्यातल्या देंग आय याने पाहणी करून योजना दिली. ह्वाईच्या उत्तरेला २०,००० आणि दक्षिणेला ३०,००० सैनिक वसवायचे, दहातले दोन पाळीपाळीने रजेवर, म्हणजे शेतात कायम ४०,००० माणसे. कालवे खणून पाणी द्यायचे. खर्च वजा जाता वर्षाला ५० लाख हू शिल्लक; सहा-सात वर्षांत ३ कोटी हू, म्हणजे एक लाख फौजेचा पाच वर्षांचा शिधा. भागाकार केला तर हा शिधा माणशी महिना पाच हू येतो, चाओ चोंगग्वोच्या दराच्या जवळपास दुप्पट. घोडी, बैल आणि वाटेतली तूट धरून हात राखून केलेला हिशेब दिसतो. शिवाय कालव्यांमुळे फौज होडीत बसून थेट ह्वाईपर्यंत जाऊ लागली. २८० च्या विजयाचा निम्मा पाया या चिखलात घातला गेला होता, असे माझे मत आहे.

हिशेब चुकला की काय होते त्याची दोन उदाहरणे. २२५ मध्ये वेईचा सम्राट त्साओ पी लाखावर फौज आणि मोठे आरमार घेऊन यांगत्सेच्या काठी ग्वांगलिंगला पोहोचला. थंडी इतकी पडली की जलमार्ग गोठला आणि होड्या मुख्य नदीत उतरल्याच नाहीत. परतताना हजारो होड्या उथळ पाण्यात रुतल्या. चियांग ची नावाच्या अधिकाऱ्याने चर खणून त्या एकत्र आणल्या, मातीचे बांध घालून तळ्याचे पाणी तुंबवले आणि एकदम सोडून त्या ह्वाईत लोटल्या, म्हणून आरमार वाचले. दुसरे उदाहरण दक्षिणेचे. ३६९ मध्ये पूर्व जिनचा, म्हणजे दक्षिणेत उरलेल्या जिन सत्तेचा, सेनापती ह्वान वन ५०,००० फौज घेऊन उत्तरेवर गेला. त्या वर्षी अवर्षण, नद्या आटलेल्या. त्याने ३०० ली कालवा खणवून होड्या पीत नदीपर्यंत नेल्या. सल्लागाराने दोन वाटा सांगितल्या होत्या: थेट शत्रूच्या राजधानीवर धाव घ्या, नाहीतर इथेच थांबून धान्य साठवा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुढे जा. त्याने दोन्ही नाकारल्या. शिमन येथील जलमार्ग उघडायला पाठवलेल्या सरदाराला तो उघडता आला नाही, शरद ऋतूत धान्य संपले, होड्या जाळून ७०० ली पायी माघार घ्यावी लागली. शत्रूचा सेनापती मुरोंग छुई ८,००० घोडेस्वारांनिशी मागे-मागे राहिला आणि थकलेल्या फौजेवर तुटून पडला. ३०,००० माणसे गेली. दक्षिणेकडून देश जोडण्याचे प्रयत्न वारंवार का फसले, याचे मोठे कारण याच एका मोहिमेत सापडते.

आता यांगत्से. उत्तरेचे घोडदळ कितीही मोठे असो, ही नदी ओलांडायला आरमार हवे, आणि ते शत्रूच्या समोरच्या काठावर बांधता येत नाही. म्हणून ज्याच्या ताब्यात वरच्या अंगाचे सिचुआन, त्याच्या बाजूला प्रवाह. छिन, जिन आणि सुई या तिघांनी दक्षिण घेण्याआधी सिचुआन हाती असल्याची खात्री केली होती.

जिनच्या वांग जुन याने २७२ पासून तिथे होड्या बांधायला घेतल्या. सर्वांत मोठ्या तराफ्यासारख्या जोडनौका १२० पावले चौरस, वर लाकडी तटबंदी आणि बुरूज, दोन हजार माणसे मावतील अशा. रंध्याचे भुसकट आणि ढलप्या वाहत खाली गेल्या. वू राज्याचा च्यानफिंगचा सुभेदार वू यान याने त्या उचलून राजा सुन हाओला दाखवल्या आणि कुमक मागितली. ती मिळाली नाही. मग त्याने अरुंद घळींत नदीच्या आरपार लोखंडी साखळ्या लावल्या आणि दहा फुटांहून लांब लोखंडी सुळे पाण्याखाली रोवले. इकडे दरबारात वर्षानुवर्षे चालढकल चालली होती. २७९ मध्ये वांग जुनने लिहिले की होड्या बांधून सात वर्षे झाली, त्या रोज कुजत आहेत, मी सत्तरीचा झालो आहे. ही तक्रार महत्त्वाची आहे. लाकडी आरमाराला मुदत असते. तयारी पुरी झाली आणि निर्णय लांबला तर तयारीच सडते. अखेर सहा वाटांनी दोन लाखांवर फौज निघाली. साखळ्या आणि सुळ्यांची बातमी आधीच फुटली होती. वांग जुनने शंभर पावले चौरसाचे कित्येक तराफे केले, त्यांवर चिलखत घातलेली गवताची बुजगावणी उभी केली आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांकडून ते पुढे सोडले. सुळे तराफ्यांत रुतून उपटून निघाले. साखळ्यांसाठी शंभर फुटांच्या जाडजूड मशाली तेलात भिजवून होडीच्या नाळेवर पेटवल्या. साखळी तापून वितळली की पुढे. २८० च्या वसंतात तो आजच्या नानजिंगला पोहोचला आणि सुन हाओ शरण आला. वूच्या दप्तरात ५,२३,००० कुटुंबे, २,३०,००० सैनिक, २८ लाख हू धान्य आणि ५,००० होड्या होत्या. धान्य आणि होड्या असूनही राज्य गेले, कारण वरच्या अंगाला वेळेवर माणसे पाठवली नाहीत.

सुईने या सगळ्यापासून धडा घेतला होता. मंत्री काओ च्योंग याची योजना इतिहासातल्या सर्वांत धूर्त योजनांपैकी एक आहे. दक्षिणेत भाताची कापणी उत्तरेपेक्षा आधी येते. ऐन कापणीच्या वेळी थोडी फौज हलवायची आणि हल्ला येतो अशी हूल उठवायची. दक्षिणेचे शेतकरी शिपाई होऊन काठावर येतात, हातातोंडाशी आलेले पीक वाया जाते. ते जमले की आपण पांगायचे. असे दोन-चार वर्षे केले की त्यांचा विश्वास उडतो, आणि मग खरोखर उतरायचे. दुसरे असे की दक्षिणेची कोठारे जमिनीत खणलेली नाहीत, बांबू आणि गवताची आहेत. माणसे पाठवून ती वाऱ्याच्या दिवशी पेटवायची, पुन्हा बांधली की पुन्हा पेटवायची. हे सगळे अमलात आले. सेनापती हे रुओबी याने काठावरच्या तुकड्या बदलताना दर वेळी झेंडे आणि तंबूंची गर्दी केली. दक्षिणेतल्या छन राज्याचे पहारेकरी आधी धावले, मग सरावले. सुईचाच सेनापती यांग सू याने सिचुआनच्या तोंडाशी पाच मजली जहाजे बांधली, प्रत्येकावर ८०० शिपाई आणि शत्रूची होडी चिरडायला ५० फुटी सहा दांडे. ५८९ च्या नववर्षदिनी पहारे दारूत असताना हान छिनहू अवघ्या ५०० माणसांनिशी रात्री त्साइशी येथे उतरला. छनचा सम्राट विहिरीत लपलेला सापडला.

त्साइशीला पात्र अरुंद आहे, म्हणून ते नाव पुन्हा येते. ९७४ मध्ये सोंगने याच जागी होड्यांचा पूल टाकला. फान रुओशुई नावाच्या, परीक्षेत नापास झालेल्या दक्षिणेच्या माणसाने मासेमाराच्या वेशात रेशमी दोर दक्षिण काठाला बांधून होडी उत्तर काठाला नेत, दहाहून अधिक फेऱ्यांत रुंदी मोजली होती. पूल आधी वरच्या अंगाला जोडून पाहिला, मग त्साइशीला आणून तीन दिवसांत बसवला. रुंदी बरोबर निघाली.

सगळ्यांत गैरसमज आहे तो ३८३ च्या फेई नदीच्या लढाईबद्दल. गर्विष्ठ राजा, अफाट फौज, मूठभर शूरांनी केलेला पराभव, अशी ती सांगितली जाते. हा राजा म्हणजे फू च्यान. त्याने ३७६ पर्यंत उत्तर एक केली होती आणि तो साधा राजा नव्हता. दोष फौजेच्या मांडणीत होता. सांगितलेले ६ लाख पायदळ आणि २ लाख ७० हजार घोडदळ कधी एका जागी आलेच नाही. राजा श्यांगछंगला पोहोचला तेव्हा पश्चिमेची तुकडी श्यानयांगला, म्हणजे कित्येक आठवड्यांच्या वाटेवर होती आणि सिचुआनचे आरमार नुकते सुटले होते. आघाडीच्या भागाने दक्षिणेच्या जिनच्या ८०,००० माणसांसमोर, नदी ओलांडू द्यावी म्हणून, थोडे मागे सरण्याचे कबूल केले. दाटीत उभ्या फौजेला मागे सरा म्हणणे घातकच असते. मागच्यांना माघारीचे कारण दिसत नाही. हरलो, अशी एक आरोळी उठली आणि रांग फुटली. पण एका लढाईने राज्य का संपावे? कारण ३८० मध्ये फू च्यानने स्वतःच्या 'ती' नावाच्या जमातीची दीड लाख कुटुंबे दूरदूरच्या ठाण्यांत पांगवली होती आणि जिंकलेल्या श्यानबेई व छ्यांग जमातींचे सरदार राजधानीजवळ ठेवले होते. पराभवाची बातमी येताच ज्याने-त्याने आपापले राज्य मांडले. दोन वर्षांत फू च्यान मारला गेला.

जिंकल्यानंतरच्या चुकाही तितक्याच शिकण्याजोग्या आहेत. २८० नंतर जिनच्या सम्राटाने प्रांतांची फौज काढून टाकली; मोठ्या परगण्याला १०० आणि लहानाला ५० शिपाई उरले. स्वतःच्या कुळातल्या राजपुत्रांना मात्र जहागिरी आणि फौजा. २९१ पासून ते आपसांत लढले, त्यांनीच सीमेवरच्या जमातींना मदतीला बोलावले आणि ३११ मध्ये लुओयांग पडले. हान घराण्यासमोरही राजपुत्रांचा हाच प्रश्न होता. इ. स. पू. १५४ मध्ये सात राज्यांनी बंड केले तेव्हा चौ याफूने समोरासमोर लढण्याऐवजी ह्वाई आणि सी नद्यांच्या संगमाशी त्यांची रसद तोडली आणि तीन महिन्यांत बंड संपले. पुढे इ. स. पू. १२७ मध्ये राजपुत्राची जहागीर थोरल्याऐवजी सगळ्या मुलांत वाटायचा नियम केला. तलवार न उपसता जहागिरींचे तुकडे झाले. सुईने ५८९ नंतर दक्षिणेत सगळ्यांना, म्हाताऱ्या-पोरांसकट, सरकारी नीतिपाठ तोंडपाठ करायला लावले. लोकांना उठवून उत्तरेत नेणार अशी अफवा पसरली आणि ५९० मध्ये जवळपास सगळा जुना छन मुलूख पेटला. यांग सूला तो दुसऱ्यांदा जिंकावा लागला.

म्हणून विनंती अशी की यापुढे चीनवरच्या लेखासोबत कालरेषा छापाल तेव्हा २२० ते ५८९ हा पट्टा दोन ओळींत उरकू नये. २८० ते ३०४ एवढाच तुकडा वेगळ्या रंगात दाखवावा, वाचकाला प्रमाण आपोआप कळेल. नकाशावर नेमके वर्ष लिहावे. आणि सोंगने ९७९ मध्ये देश एक केला असे छापताना आजचे बीजिंग आणि दातोंग सोंगच्या सीमेबाहेर दाखवावे. ९३८ मध्ये उत्तरेच्या ल्याओ राज्याला दिल्या गेलेल्या सोळा प्रांतांत ती होती. त्याच ९७९ मध्ये सोंगची फौज काओल्यांग नदीवर हरली, आणि १००५ च्या तहाने सोंगने ल्याओला दर वर्षी एक लाख ल्यांग (वजनाचे माप) चांदी आणि दोन लाख ठाण रेशीम देण्याचे मान्य केले. एकाच रंगात रंगवलेल्या नकाशात यातले काहीच दिसत नाही.

कळावे.

आपला,
चिनी इतिहासाचा एक अभ्यासक